आमच्या शेतावरचं पाणी

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते आणि डोकं आधीच फिरलेलं होतं. एका मुलानं ध्वनीच्या व्याख्येत शेजारच्या मुलाचं नाव लिहिलं होतं, कारण तो फार आवाज करतो. फोन स्पीकरवर टाकून मी लाल पेन चालवत राहिले.

"ताई, शनवारी गावाकडं ये. पुण्याची एक पोरगी आलीया. धरणात माईक सोडून राहिलीय. त्याचा आवाज समद्या गावाला ऐकवणार हाय."

"का रे, धरण भाषण करणार आहे का?"

"ते काय म्हाईत न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "पर मंडपवाल्याला सांगितलंय."

आमचं गाव कंधारच्या अलीकडे, धरणात. म्हणजे आता धरणात. मी प्राथमिक शाळेत असताना ते उठलं आणि वर माळावर जाऊन बसलं. तिथं जन्मलेल्या पोरींची लग्नं होऊन त्या आया झाल्या, तरी सगळे त्याला अजून नवं गावच म्हणतात. जुनं गाव उठताना लोकांनी दारं, चौकटी, तुळया, जाती, मारुतीची मूर्ती असं सगळं उचलून नेलं. एका म्हातारीनं तर उंबऱ्याचा दगड बैलगाडीत घातला होता. जे उचलता येत नव्हतं ते राहिलं. पुढे शिकून मी लातूरला हायस्कुलात विज्ञानाची बाई झाले, आणि दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून आई माझ्याजवळच असते.

ती खाली बसून मेथी निवडत होती. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "म्या येते."

माझी आई स्वतःहून काही मागत नाही. चहात साखर पडायची राहिली तर तसाच पिऊन टाकते आणि कप विसळून ठेवते. त्यामुळे ती "येते" म्हणाली तेव्हा मी पेन खाली ठेवलं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं जातो, एवढं मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले आहे. पण तो कुणी मंडप घालून गावाला ऐकवावा, आणि त्यासाठी आईनं लातूरहून निघावं, हे मला पटत नव्हतं. तरी शनिवारी दुपारी गाडी काढली. वाटेत आई एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटलं तिला गाडी लागली असेल.

कार्यक्रम मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात होता. ती मुलगी बारीक केसांची, गळ्यात मोठे हेडफोन, आणि मराठी अगदी पुस्तकातली. सरपंचांनी शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला तेव्हा ती एवढी संकोचली की नारळ हातातून सुटला. मग ती म्हणाली, "आपण दिवे घालवू आणि शांतपणे ऐकू. नंतर तुम्हाला काय वाटलं ते सांगा. यात चूक-बरोबर काही नाही." तिला कुणी सांगितलं नव्हतं की आमच्याकडे दिवे गेले की लोक बोलायला लागतात.

आधी नुसतीच घरघर आली. मग मधूनच टक् टक्, आणि तव्यावर मोहरी तडतडावी तसं काहीतरी. मंडपवाल्याला हा आवाज फिका वाटला. गणपतीत लावायचे मोठे बॉक्स त्यानं हौसेनं आणले होते, त्यामुळे त्यानं आपल्या मनानं एको चढवला आणि धरण कीर्तनकारासारखं घुमायला लागलं. पोरगी धावत त्याच्याकडे गेली. "काका, प्लीज, काही घालू नका यात." तो म्हणाला, "मॅडम, काही घातल्याबिगर कसं चालंल? इतकी माणसं आलीत."

एको काढल्यावर पुन्हा ती घरघर. चुलतभावाची सून माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, हे तर आमच्या फ्रिजवाणी वाजतंय." मला हसू आलं. तरणी पोरं एकेक करून चपला शोधत बाहेर पडली. त्यांनी धरणाआधीचं काही पाहिलेलंच नाही. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे पोहायची आणि मासे आणायची जागा. मला वाटलं, आता पाच मिनिटांत आभारप्रदर्शन होईल आणि आपण सुटू.

तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, माईक सोडला कुठं व्हता?"

ती म्हणाली, "होड्या लागतात ना, तिथून सरळ आत. बरंच आत."

"मंजी वरच्या आळीवर."

"वरची आळी कुठली?" दुसरा म्हणाला. "तिथं कुंभाराची भट्टी. आळी तर अजून डाव्या अंगाला."

"डाव्या अंगाला चावडी व्हती गड्या. तुझं घर तिकडं, म्हणून तुला समदं तिकडंच दिसतंय."

मग रीतसर भांडणच लागलं. म्हातारी माणसं उठून उभी राहिली आणि काठ्यांनी सभामंडपाच्या भिंतीकडे, खांबाकडे, ध्वनिक्षेपकाकडे रोखून दाखवायला लागली. त्या काठ्यांच्या टोकाला गल्ल्या होत्या, आड होता, पार होता. कुणाच्या परसातून कुणाच्या अंगणात जाता यायचं तेही होतं. भिंत मधे आहे याचं कुणाला भानच नव्हतं. भांडण ऐन रंगात असताना एक जण एकदम म्हणाला, "थांबा. आता ऐका. हे टकटक हाय ना, हे चिंचेखालचं हाय."

मी विज्ञानाची बाई. माझ्या तोंडावर आलं होतं की हे मासे आणि पाणकिडे आहेत, असा आवाज कुठल्याही तळ्यात येतो. पण मी मान वर करून पाहिलं तर सगळी डोकी एका बाजूला कललेली होती. पाटलाची थोरली सून, आता सत्तरी ओलांडलेली, पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. मी तोंड मिटलं.

एक जण मात्र उठला. सेवानिवृत्त ग्रामसेवक, माणूस शिस्तीचा. "बंद करा हे," तो शांतपणे म्हणाला. "मेलेल्याच्या छातीला कान लावून काय ऐकून राहिलात?" आणि निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही, आणि आवाजही कुणी बंद केला नाही.

आमच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात फर्माईश चालते. चिठ्ठी पुढे सरकवायची आणि आपलं गाणं मागायचं. त्या संध्याकाळी लोकांनी तेच केलं. "आमच्या आडात सोडा की एकदा." "चावडीच्या पायरीवर सोडा." "माझ्या गोठ्यात." एक बाई म्हणाली, "माझ्या न्हाणीपाशी सोडा, पर गडीमाणसांना ऐकवू नका," आणि मंडप हसला. त्या पुण्याच्या मुलीला वाटलं होतं लोक म्हणतील छान वाटलं, शांत वाटलं. इथं लोक तिच्याकडे आपापली घरं मागत होते. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, उद्या सकाळी होडी घेऊ, तुम्ही म्हणाल तिथे मी माईक सोडेन.

आईनं काही मागितलं नाही. भावाच्या घरी गेल्यावर, आत भाकरी थापण्याचा आवाज चालू असताना, ती माझ्याशेजारी अंगणातल्या बाजेवर येऊन टेकली आणि म्हणाली, "मलाबी एक जागा सांगायची हाय."

"घराची?"

"न्हाई. शेतातली."

माझ्याआधी एक मुलगी होती एवढंच मला माहीत होतं, तेही आत्याच्या तोंडून निसटलेलं. आईनं कधी विषय काढला नव्हता. आता तिनं अंधार पडेपर्यंत, पायाची बोटं चोळत, सगळं सांगितलं. आईला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नाही, सासरीच झालं. पोर चांगली होती, दूध ओढत होती, आणि बारशाच्या आतच गेली. नाव ठेवायचं राहिलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. दादा आणि काका, म्हणजे माझ्या चुलतभावाचे वडील, तिला धडप्यात गुंडाळून घेऊन गेले. बायकांनी मागं जायचं नसतं, आणि आई तर बाजेवर होती, खाली शेगडी. कुठं ठेवलं ते तिला कुणी सांगितलं नाही.

"तू विचारलं नाहीस?"

"इचारायचं नसतं, बाई."

मग ती शेतात जायला लागली तेव्हा तिनं पाहिलं, नांगरताना बांधाच्या कोपऱ्यात बोरीपाशी आलं की दादा नांगर उचलतात. घोंगडी अंथरावी एवढा तुकडा सोडतात आणि पलीकडे पुन्हा फाळ टेकवतात. पेरतानाही तेच. तिनं विचारलं, तर म्हणाले, तिथं खडक हाय. पुढं ते काही बोलले नाहीत, आणि ती समजली.

हे ऐकताना मला माझं लहानपण आठवलं. आमच्या शेतात आंब्याचं झाड होतं, गार सावलीचं. तरी दुपारची भाकरी आम्ही नेहमी त्या बोरीपाशी, अर्ध्या उन्हात खायचो. मी किरकिर करायची, काटे टोचतात म्हणायची. आई म्हणायची, हितंच बस. दादाही आंब्याखालून उठून तिथंच यायचे आणि न बोलता जेवायचे. दिवाळीत आई करंजीचा तुकडा तिथं ठेवायची. मला वाटायचं, शेताला दाखवतात तसा हा नैवेद्य असेल.

"एका दुष्काळात धरण आटलं व्हतं," आई म्हणाली. "लोकं जुनं गाव बघून आली. आपून तवा नांदेडला दवाखान्यात, तुझ्या दादांपाशी. ऱ्हाऊन गेलं."

सकाळी गार वारा होता. धरण काठोकाठ भरलेलं. मासेमारीची होडी लहान, त्यामुळे एका खेपेला दोन-तीनच माणसं. आधी आड झाला, मग चावडी झाली. लोक हेडफोन लावून बसत, डोळे मिटत आणि काठावर येऊन खोकत खोकत दुसरीकडे बघत. आड मागणारा म्हातारा खाली उतरला आणि म्हणाला, "लई खोल हाय," बस एवढंच. त्याच्या नातवानं त्याला हात धरून वर नेलं.

आईची पाळी आली. ती जन्मात होडीत बसली नव्हती. होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली आणि होडीवाल्याला खंडोबाच्या टेकडीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागली. होडी गेली, थांबली, मागं आली, पुन्हा डावीकडे वळली. पाण्यावर बांध कुठला आणि बोर कुठली? मी काठावर दगडावर बसले होते. काका काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना आता कमी दिसतं.

"वैनी कुठं निघाली?"

मी सांगितलं. बोरीपाशी, त्या न नांगरलेल्या तुकड्याकडे, जिथं बाळ आहे.

काका काठीनं मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "तिथं खरंच खडक हाय गं."

मला आधी समजलंच नाही.

"फाळ मोडायचा तिथं. म्हणून सोडायचा तुझा बाप. लेकरू आमी वढ्याच्या काठाला ठिवलं व्हतं, जांभळीखाली. माती मऊ व्हती. वर दगड ठिवले, बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्याच पावसाळ्यात वढा आला. काठच गेला, जांभळीसकट."

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्यानंतर तुझा बाप वढ्याकडं गेला न्हाई. बैलं पाण्याला मीच न्यायचो."

"आईला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार व्हता? वाहून गेली म्हणून? ती बोरीपाशी बसायला लागली ते त्याच्या ध्यानात आलं व्हतं. मी म्हनलं, सांगून टाक. तर म्हनला, बसू दे."

मला राग आला. खरं सांगते, एवढा राग मला दादा जिवंत असताना त्यांचा कधी आला नव्हता. दोघा भावांनी मिळून एका बाईला जन्मभर एका दगडापाशी बसवलं आणि त्याला माया समजले. मी काकांना काही बोलणार होते, पण त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. समोर होडी थांबली होती. मुलगी वायर हळूहळू पाण्यात सोडत होती. आईनं पदर डोक्यावर घेतला होता आणि त्या पदरावरून हेडफोन. ती पाठमोरी, वाकून बसली होती, एखाद्याच्या उशाशी बसावं तशी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला भीती वाटत होती ती परत येण्याची, कारण मला तोंड लपवता येत नाही. आईपासून तर मुळीच नाही.

ती उतरली. काठावरच्या बायकांनी विचारलं, काय ऐकू आलं?

"पाणी हाय," आई म्हणाली.

मुलगी मागून आली. तिला बाळाचं कुणी सांगितलं नव्हतं, पण काहीतरी समजलं असावं. तिनं खाली बसून आईच्या साडीच्या ओल्या काठाला लागलेलं शेवाळ काढलं आणि विचारलं, "आजी, इथला आवाज मी माझ्या कामात वापरू का? नको म्हणालात तर आत्ता पुसून टाकते."

"घे की," आई म्हणाली. "पाणी काय माझं एकलीचं हाय."

निघताना आई काकांच्या पाया पडली. वहिनी दिराच्या पाया पडत नाही. काका गडबडून मागे सरकले आणि "आवं वैनी, वैनी" म्हणत राहिले. मी गाडीचं दार उघडून उभी होते. काकांनी सांगितलेलं आईला सांगायचं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. सांगितलं तर तिच्या हाताला काय उरणार? आणि न सांगावं तर मीही त्या दोघा भावांच्याच ओळीत जाऊन बसत होते.

अहमदपूर मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या काढणीचे ढीग पडले होते. मी समोर बघून गाडी चालवत होते आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"भावजींनी सांगितलं ना तुला?" ती म्हणाली.

मी गिअर बदलला.

"खडकाचं."

मी गाडी बाजूला घेतली. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या सालीच कळलं. तुझे दादा बाजारला गेले व्हते. खुरप्यानं उकरून बघितलं म्या. दोन बोटं माती, आन् खाली खण्णकन वाजलं. चारी अंगानं उकरलं. खडकच व्हता. लेकरू ठिवायला तिथं जागाच नव्हती." तिनं पदरानं काच पुसली, काच स्वच्छच होती. "मग माती परत सारखी केली."

"आणि तरीसुद्धा तिथंच बसत राहिलीस? इतकी वर्षं? बाळ कुठं ठेवलं ते एकदा विचारायचं होतंस ना दादांना."

"इचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं," आई म्हणाली. "ते कवा खोटं बोलले न्हाईत. मग म्या बसले कुठं असते?"